खांद्यावरच्या दोन थापा

रचलेली गोष्ट मी इथे टाकत नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मी ते तिच्याच तोंडून ऐकलंय.

तेव्हा रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. रविवार होता, उन्हं नुकती उतरायला लागली होती. शहराबाहेरचा डोंगररस्ता. दगड न् दगड लख्ख दिसत होता.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मावशी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. मोटरसायकलवरून पडलेली माणसं तिच्यासमोर रोज आडवी होतात. त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या मोटरसायकलकडे ती सवतीकडे बघावं तशी बघायची.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर काळोख्या विहिरीसारख्या जागेत लोंबकळत काम. सुट्टीच्या दिवशी त्यांना वारा लागायचा, मोकळा रस्ता लागायचा.

"एकदा मागे बस तर खरी," ते म्हणायचे. "नाही आवडलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

"अहो, तुमच्यासारखेच येतात माझ्याकडे. कण्हत."

"मग तुझ्याइतकी सावध सोबत मला कुठे मिळणार?"

शेवटी ती बसली. आणि आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत राहिलो. दर रविवारी दोघं बाहेर. डोंगर, धरण, लांबची गावं. परत यायची ती धुळीने माखून, हसत, एकमेकांच्या आधी बोलायची घाई करत.

पुढे काकांचे गुडघे गेले. "जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आता मलाच जिना चढवेना," असं ते स्वतःच सांगत सुटायचे. गिअर टाकताना पाय साथ देईना. सगळे म्हणाले, विकून टाका ती गाडी.

"विकायची कशाला? ही चालवेल," काका म्हणाले.

पन्नाशीला टेकलेल्या बायकोला त्यांनी बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात मोटरसायकल शिकवली. ती पडली, रडली, चिडून दोन दिवस बोलली नाही. पण शिकली. मग मावशी पुढे आणि काका मागे, असं सुरू झालं. शेजारी गॅलरीत येऊन बघायचे. काका त्यांना वरातीतल्या नवरदेवासारखा हात करायचे.

हेल्मेटमधून बोलणं नीट ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या.

डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे, हळू.

दोन थापा म्हणजे, रस्ता मोकळा आहे, जा.

काका चांगले उंच. त्यात मागची सीटही उंच. तिच्या डोक्यावरून त्यांना पुढचं दिसायचं. पुढे टेम्पो असो नाहीतर ट्रक, दोन थापा पडल्या की मावशी डोळे झाकून गाडी पुढे काढायची. इतक्या वर्षांत त्या थापा एकदाही चुकल्या नव्हत्या.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता काका गेले. गाडीवर नाही, रस्त्यावर नाही. घरात, खुर्चीत बसल्या बसल्या.

मावशीने गाडीवर कव्हर घातलं. माझी आई तिची मोठी बहीण. आई तिला रोज फोन करायची आणि मावशी रोज म्हणायची, "बरी आहे गं." तिचा आवाज ऐकून आई फोन ठेवल्यावर रडायची.

पावसाळा सरला. एका रविवारी मावशीला घर खायला उठलं. तिने कव्हर काढलं, गाडी पुसली, हेल्मेट घातलं आणि निघाली.

शहर मागे पडलं. चढ सुरू झाला. पहिल्याच वळणाआधी तिने ब्रेक दाबला...

टक.

तिच्या हेल्मेटला मागून काहीतरी लागलं.

जो कोणी मोटरसायकलवर डबलसीट बसला असेल, त्याला हा आवाज माहीत आहे. पुढच्याने ब्रेक दाबला की मागचा पुढे कलतो. हेल्मेटवर हेल्मेट आपटतं.

मावशीने आरशात पाहिलं.

मागे फक्त रस्ता होता.

तिने गाडी थांबवली नाही. घाबरलीही नाही, असं ती म्हणते. पुढचं वळण आलं. तिने गाडी झुकवली आणि तिला जाणवलं, मागचं वजनही तिच्याबरोबर झुकलंय. नवखा माणूस मागे बसला की वळणावर ताठ होतो. हे वजन ताठ झालं नाही. अगदी तिच्या अंगाला अंग लावून झुकलं.

असा एकच माणूस बसायचा.

वळण संपलं... आणि डाव्या खांद्यावर हलकेच एक थाप पडली.

मावशी हेल्मेटच्या आत रडली. घरी येईपर्यंत रडत होती. त्या दिवशी तिने आईला फोन केला आणि किती तरी महिन्यांनी स्वतःहून हसली. काय झालं ते मात्र सांगितलं नाही.

मग दर रविवारी तेच. चढ लागेपर्यंत गाडी हलकी. चढ लागला की मागचे शॉकअप, सीटखालच्या त्या स्प्रिंगा, दबायचे... कर्रर्र. वजन येऊन बसायचं. परतताना पायथ्याशी पुन्हा तोच आवाज, आणि गाडी हलकी.

गॅरेजवाल्याने एकदा विचारलंही, "मावशी, हल्ली डबलसीट कोण असतं?"

"का रे?"

"मागचा टायर तसा झिजलाय."

ती हसली. मनातून सुखावली.

मावशी मागच्या वजनाशी बोलायला लागली. उत्तर यायचं नाही, कधी फक्त एखादी थाप. पण ती सगळं सांगायची. हॉस्पिटलातल्या गमती. रात्री जेवण कसं जात नाही ते. आमच्या घरातली भांडणं, कुणाकुणाची गुपितं. माझीसुद्धा, मी फक्त तिलाच सांगितलेली. नवऱ्यापासून काय लपवायचं, असं तिला वाटलं.

हॉस्पिटलात तेव्हा एक नवे फिजिओथेरपिस्ट आले होते. वयाने तिच्याएवढेच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मावशी हेल्मेट घेऊन येते-जाते हे ते बघायचे.

एक दिवस चहा पिताना म्हणाले, "मी आयुष्यात मोटरसायकलवर बसलेलो नाही. हसू नका. एकदा मागे बसवून फिरवाल का?"

मावशी हसली नाही. तिला एकदम काका आठवले. एकदा मागे बस तर खरी. आपल्याला कुणीतरी एक आनंद दिला, तो आता आपण कुणाला तरी द्यावा, इतकंच तिच्या मनात आलं. निदान तेव्हा तरी इतकंच, असं ती म्हणते.

पण विचारल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती.

त्या रविवारी चढ लागला. शॉकअप दबले. दोनचार वळणं झाल्यावर तिने सगळं सांगितलं. कोण आहेत, काय म्हणाले.

"अहो, चालेल ना तुम्हाला? एकदाच. तुमची जागा काही कुणी घेत नाही."

उत्तर नाही.

"अहो?"

थाप नाही. वळणावर वजन झुकलं नाही.

ते ताठ बसलं होतं...

गाडी तिला जड जायला लागली. वळणावर बाहेर ओढली जाऊ लागली. तिला वाटलं, रागावलेत. काका असेच रुसायचे, पण त्यांचा रुसवा पहिल्या चहापर्यंत टिकायचा. ती त्यांची समजूत घालत राहिली. नको तर नको, मी नाही सांगते त्यांना. मला तुमच्यापेक्षा कुणी जास्त नाही.

वारासुद्धा ऐकू येत नव्हता, ती सांगते. इंजिनचा आवाज होता, पण लांबून आल्यासारखा.

पुढे एक टँकर लागला. धूर सोडत, कण्हत चाललेला. त्याच्यापुढे वळण. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मावशी मुकाट्याने मागे राहिली.

आणि मग खांद्यावर थाप पडली.

एक...

दोन.

तिला काय वाटलं असेल? राग गेला, असं वाटलं. मनापासून बरं वाटलं तिला. तिने एवढासुद्धा विचार केला नाही. गिअर बदलला, ॲक्सिलरेटर पिळला आणि टँकरच्या बाजूने गाडी पुढे काढली.

समोरून बस आली.

बसचं अख्खं तोंड तिच्यासमोर होतं. ड्रायव्हरचे विस्फारलेले डोळे तिला दिसले. ब्रेक दाबायला गेली... आणि दोन हात तिच्या खांद्यांवर आले. घट्ट. पुढे रेटणारे.

हेल्मेटवर हेल्मेट आपटलं नाही. ते आधीपासूनच टेकलेलं होतं.

कसं केलं ते तिला आजही सांगता येत नाही. तिने अंग टाकून गाडी कडेच्या खडीत घातली. उजव्या कुशीवर फरफटत गेली. बस तिच्या बुटाला घासून गेली म्हणा ना. टँकरवाला थांबला, बसमधली माणसं धावली. कुणी पाणी दिलं, कुणी शिव्या दिल्या. बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला.

"बाई, दोघं मेला असता," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघत राहिला. "मागचा कुठे गेला?"



लोकांनी गाडी उभी करून दिली. गाडी सुरू झाली. माणसं पांगली. मावशी एकटीच रस्त्याकडेला उभी होती, गाडी स्टँडवर.

मागचे शॉकअप दबलेले होते.

भीतीच्याही वर दुसरं काहीतरी होतं. इतक्या वर्षांत ज्या थापांवर जीव सोपवला, त्याच थापांनी तिला बससमोर नेलं होतं. चुकून नाही. मुद्दाम. तिला बरं वाटावं अशी वेळ साधून.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला "अहो" म्हणत आली. भांडतानासुद्धा. त्या दिवशी ती रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली,

"उतर."

काही झालं नाही.

"ऊठ माझ्या गाडीवरून. उतर."

बराच वेळ गेला. ऊन सीटवर पडलेलं होतं. मग...

कर्रर्र.

सीट वर आली. खडीवर पावलं वाजली नाहीत. काहीच वाजलं नाही.

ती घरी पोचली आणि थेट आमच्याकडे आली. आईने तिचे कपडे बदलले. उजवी बाजू सगळी सोललेली होती. पण काळंनिळं पडलं होतं ते खांद्यांवर. दोन्ही खांद्यांवर. डावीकडे तर ती पडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्याच हॉस्पिटलात, तिच्याच खोलीत तिचा एक्स-रे काढला. हाडं शाबूत होती. डॉक्टरांनी खांद्यांबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कुणीतरी धरलं होतं.

सगळं तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा रडली नाही. संतापलेली होती.

"तो माणूस आयुष्यात माझ्याशी कधी खोटं बोलला नाही गं," ती म्हणाली. "जिवंतपणी एक थाप मारली नाही. आणि मेल्यावर..."

"मावशी, ते काका नसतीलही," मी म्हणाले. तिला धीर द्यायला म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मग इतके महिने मी कुणाला सगळं सांगत होते?"

काका असतील तर त्यांनी तिला दगा दिला. काका नसतील तर ते काका आहेत असं वाटू देऊन कुणीतरी तिच्या पाठीला टेकून सगळं ऐकत होतं. त्यात माझंही होतं. यातलं कुठलं कमी वाईट, मला ठरवता येत नाही.

फिजिओथेरपिस्टना तिने नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. ते बिचारे आता तिच्याशी जपून बोलतात, आपलंच काही चुकलं असं समजून.

गाडी मात्र तिने विकली नाही. "मी पडत रडत शिकलेय. ते माझं आहे," म्हणते. फक्त डोंगराकडे जात नाही.

गेल्या महिन्यात स्टेशनवरून मला घ्यायला ती गाडी घेऊनच आली. मी मागे बसले, तेव्हा म्हणाली, "बोलत राहा. काहीही बोल, पण गप्प बसू नकोस."

मी बोलत राहिले. ऑफिस, घरभाडं, आईची कंबर. सपाट रस्ता होता, भरदुपार होती, दोन्ही बाजूंना दुकानं. एका सिग्नलनंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी जराशी थांबले असेन, तोच तिने गाडी कडेला घेतली.

वळून बघितलं तिने. हेल्मेटची काच वर केली.

"तूच आहेस ना?"

"हो मावशी. मीच."

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात माझ्या मांडीवर होते, पिशवी धरलेले.

"बरं," ती म्हणाली.

मग खांदा झटकला, काच खाली केली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मी घर येईपर्यंत मोठमोठ्याने दुकानांच्या पाट्या वाचत होते.