आजोबांच्या कोपरावरचा बर्फ

आपला लॅपटॉप नाहीसा झाल्याचं ड्वेन पेल्टोने ओरडून सांगितलं, तेव्हा लॉरीन माकी कॉफीचे कप धूत होती. नळ बंद करून ती हात पुसत बाहेर आली.

गावच्या वाचनालयाची ती ग्रंथपाल. तळघरात हॅकेथॉन, म्हणजे प्रोग्रॅम बनवायची दोन दिवसांची स्पर्धा, भरली होती; तिची यजमानही तीच. कालपासून पोरं ब्लॉकचेन आणि एआयची जुळवाजुळव करत बसली होती. आता जेवणं उरकली होती आणि सादरीकरण तोंडावर आलं होतं.

सगळ्यांचं लक्ष होतं ते ड्वेन आणि त्याची जोडीदार टेस ब्रँड्ट यांच्या कामावर. काठावरच्या कॅमेऱ्यांतून बघून तळ्यावरच्या बर्फाची जाडी सांगणारा एआय ड्वेनने बनवला होता. त्याने सांगितलेलं मागाहून कुणाला बदलता येऊ नये म्हणून ते कायमचं नोंदवणारी साखळी टेसची. ती डुलुथ शहरातून आली होती, ड्वेन इथलाच. अग्निशमन दलाचा प्रमुख गस निएमी तर हरखूनच गेला होता. तळ्यावर गाड्या सोडायच्या की नाही, हे उद्यापासून तो या यंत्राला विचारूनच ठरवणार होता.

गेल्या हिवाळ्यात लॉरीनचा नवरा आर्ने गाडीसकट बर्फाखाली गेला. तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नसे. लोक बोलत, ती मान डोलवी. काल तिनेही यंत्राला विचारून पाहिलं होतं, नकाशातलं नाव घेऊन. उत्तरेकडच्या खाडीवरचा बर्फ कसा आहे? पडद्यावर लगेच उत्तर आलं, ‘आजोबांच्या कोपरावर बर्फ पक्का. गाडी न्या.’ आर्ने त्याच खाडीत गेला होता. ते वाचूनही तिला काही वाटलं नाही, आणि ती सूप ढवळायला निघून गेली.

“माझा लॅपटॉप घे,” गस ड्वेनला म्हणाला. “त्यावर चढव सगळं.”

“ते इतकं सोपं नाही, गस.”

बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आपल्या कामाची प्रत दुसरीकडे न ठेवणारा त्यांच्यात कुणी नव्हता.

लॉरीन टेसपाशी गेली.

“जेवण झाल्यावर कुठे होतीस?”

“इथेच.”

“बाहेर गेली होतीस?”

“सकाळी आले ती आलेच. एवढ्या थंडीत कोण मरायला जातंय?”

“लॅपटॉप शेवटचा कधी पाहिलास?”

“लक्ष नव्हतं माझं.”

जोडीदाराचं काम नाहीसं झालं होतं आणि ही पोरगी नखं कुरतडत बसली होती. ड्वेनही आरडाओरडा करून झाल्यावर खुर्चीत सैल पडला होता. शाळा बुडाली की पोरं दिसतात तसा.

लॉरीन जिन्याने वर दारापाशी गेली. वाचनालयात बूट काढूनच यायचं, हा तिचा नियम. रबरी ट्रेमध्ये बुटांची रांग होती. सकाळचा बर्फ कधीच वितळून सुकला होता. लाल नाड्यांची एक जोडी तेवढी ताज्या पाण्यात उभी होती. तिने काचेतून बाहेर पाहिलं. तळं समोरच होतं, पांढरं आणि गप्प.

ती खाली आली.

“टेस, लाल नाड्यांचे बूट तुझे. ओले आहेत.”

टेसने मान खाली घातली. “गाडीच्या डिकीत आहे लॅपटॉप.”

“अगं, जोडीदाराचीच चोरी?” गस उखडला.

“थांब जरा, गस,” लॉरीन म्हणाली. “काल जेवणाच्या रांगेत तू यंत्राला विचारलंस, आठवतं? उत्तर कधी आलं?”

“सगळे जेवायला बसल्यावर. नेट मंद होतं म्हणाला ड्वेन.”

“दुसऱ्या कुणाचं मंद नव्हतं. ड्वेनच्या एका हातात सूप होतं, दुसऱ्यात पाव. फोन खिशात. तो बसला, फोन काढला, तेव्हा यंत्राला कंठ फुटला. आणि मला उत्तर देताना ते आजोबांचं कोपर म्हणालं, गस. हे नाव कुठल्या नकाशात आहे? इथे लहानाचं मोठं झालेलं माणूसच ते म्हणतं. टेसला ते ठाऊक असायचं कारण नाही. गस, यंत्र नाहीच आहे. टेबलाखालून ड्वेन टाइप करतो. प्रत तरी कशाची ठेवणार?”

ड्वेनचा चेहरा पडला. सादरीकरणापुरतं सगळेच असं करतात, तो म्हणाला. आधी दाखवायचं, मागाहून बनवायचं. गस खरोखरच ते वापरायला घेईल असं त्याला वाटलं नव्हतं. मग सांगायला तोंड राहिलं नाही.

“मी आज सकाळी टाइप करताना बघितलं त्याला,” टेस म्हणाली. “सगळ्यांसमोर बोलायची हिंमत झाली नाही. म्हटलं, निदान आज दाखवता तरी येऊ नये.”

“बूट घाल, ड्वेन,” लॉरीन म्हणाली. “कोपरापर्यंत चालत जाऊन ये. पक्का आहे ना बर्फ?”

ड्वेन उठला नाही. तो रडायला लागला. लॉरीनला राग यायला हवा होता. ती वाट बघत उभी राहिली, पण राग आला नाही.

गसने त्याच्याकडे पाठ फिरवली. “ते कालचं उत्तर आधी पुसून टाक,” तो टेसला म्हणाला.

“नाही पुसता येत. त्यासाठीच तर साखळी बनवली मी. खरं असो, खोटं असो, एकदा साखळीत गेलं की गेलं. खाली नवीन जोडता येतं फक्त.”

“मग जोड,” लॉरीन म्हणाली. “लिही, इथे बर्फ फुटून माणूस बुडाला आहे.”

टेसने दुसऱ्या कुणाचा तरी लॅपटॉप ओढून घेतला. “नाव घालू?”

“आर्ने माकी.”

वर्षभरात तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. टेसने ते लिहून पाठवेपर्यंत ती तिच्या खुर्चीमागे उभी राहिली, आणि मग उरलेले कप धुवायला गेली.