त्र्यंबकचे तीन प्रश्न

बालाघाटला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्र्यंबकचा फोटो स्टुडिओ होता. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी बाक, मध्ये जाड हिरवा पडदा, आणि आत एक खुर्ची, तिपाईवरचा कॅमेरा आणि भिंतभर रंगवलेला तलाव. तलावात दोन हंस होते. पेंटरचा पांढरा रंग संपल्यामुळे एका हंसाची मान अर्धीच राहिली होती. त्र्यंबक गिऱ्हाइकाला बरोबर त्या मानेपुढे बसवायचा. जिल्ह्यातल्या बहुतेक प्रतिष्ठितांच्या डोक्यामागे एक अपुरा हंस आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

ऑफिस सुटलं की मी तिथं जाऊन बसत असे. मी रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क. छप्पन साली राज्यांची फेरवाटणी होऊन नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि बालाघाट इकडच्या राज्यात राहिलं, तेव्हा माझंही नाव तिकडच्या यादीत जायचं होतं. ते गेलं नाही. उमाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याबद्दल सरकारला कधी माफ केलं नव्हतं. तिची आई, बहिणी, सगळं माहेर नागपूरला. मी मात्र दिवसभर हिंदीत टिपणं लिहून थकायचो आणि संध्याकाळी मराठीत थकायला त्र्यंबककडे जायचो.

"फोटोले बसला का माणूस मेलाच समज," त्र्यंबक म्हणायचा. "मी त्याले घडीभर उठवतो, बस."

उठवायच्या त्याच्या तऱ्हा होत्या. वकिलाला तो मुद्दाम सांगे, की ही खुर्ची डावीकडे सरकत नाही. वकील मुद्दे मांडू लागला की फोटो निघालेला असे. नवरा-नवरीला विचारी, घोरतं कोण? तहसीलदाराला म्हणे, साहेब, जरा आराम करा, अजून तयारी चालू आहे. आणि पाठीमागे धरलेला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून टाकी. माझ्या ऑफिसचा ग्रुप फोटो काढला तेव्हा तर तो फुगा माझ्याच हातात होता. म्हणून त्या फोटोत मी नाही. माझं लग्न लढाईच्या दिवसांत झालं, तेव्हा फिल्म मिळत नव्हती, म्हणून तेव्हाचाही फोटो नाही. पुढे राहूनच गेलं.

एकोणसाठ साली लालबर्ऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून अनुसया नावाची बाई आली. सोबत दीर होता. नवरा पुनाराम तापाने गेला होता, तेरवीही झाली होती.

"फोटू नाही जी त्याहीचा एकही," ती म्हणाली. "भिंतीले काय लावू?"

या धंद्यात त्यावर एक ठरलेला उपाय होता. मयताच्या भावाला मयताचे कपडे घालून बसवायचं आणि मग निगेटिव्हवर पेन्सिलीने मयताच्या मिशा काढायच्या. पण दीर जिन्याकडे सरकला.

"मी नाही बसत बापा. आयुष्य कमी होते म्हणतेत."

त्र्यंबकने माझ्याकडे पाहिलं. "मधू, तुझं तोंड काही खास कोणाचं नाही. कोणाच्याही नावावर चालून जाते. बस बरं."

मला त्यात अपमान वाटला नाही. बी.ए. होऊन वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला खरं बोललेलं समजतं.

नाक कसं, रंग कसा, हे त्र्यंबकने विचारलंच नाही. त्याने तीन प्रश्न विचारले. घरी काय म्हणून हाका मारत होते? हसत कशावर होता? राग कशाचा येत होता? मग अनुसयेला आणि दिराला बाकावर बसवून तो पडद्याआड आला, माझ्या डोक्याला अनुसयेने गाठोड्यात आणलेला पुनारामचा फेटा बांधला, आणि शेजारी भेटल्यासारखा म्हणाला,

"काय पुनाराम, औंदा धान कसं काय?"

"पाण्यानं मारलं," मी म्हणालो. खेळच होता. खेळायला काय जातं?

"आणि बायको?"

"ते त पाण्याच्या आधीपासूनच मारते."

बाकावरून हुंदका आणि हसू मिळून एक आवाज आला. त्र्यंबकने फुगा दाबला.

चार दिवसांनी अनुसयेने फोटो दोन्ही हातांत धरला. "हेच व्हते," ती म्हणाली. "डावी भुवई अशीच वर जाये."

भुवईचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्र्यंबक म्हणाला, डावी भुवई प्रत्येकालाच असते. ते मला पटलं. मग त्याने फ्रेमच्या कागदावर माप लिहीत, मान वर न करता, शेवटचं विचारलं, "हार चंदनाचा पाह्यजे का कागदाचा?"

"चंदनाचा," अनुसया म्हणाली.

पुढची नऊ वर्षं मी मधूनमधून मरत राहिलो. परसवाड्याचा सुखराम झालो, बैहरचा तेजराम झालो, कोणाचा आजा, कोणाचा जावई. मोबदला म्हणून त्र्यंबक समोसा आणि चहा मागवायचा. माझ्या पगाराच्या मानाने हे बरंच होतं.

सुखरामच्या वेळी त्र्यंबकने विचारलं, "बैलजोडी कुठून घेतली, सुखराम?"

"घेतली नाही," मी म्हणालो. "बदलली. पांढरा गेला तवा मी दोन दिवस जेवलो नाही."

बाकावरून म्हातारा बाप उठला. पडदा बाजूला सारून माझ्याकडे बघत उभा राहिला. "हे मी याले सांगतलं नोहोतं," तो पुटपुटला. त्र्यंबकने त्याला पाणी दिलं. मी घरी जाताना हिशेबी डोक्याने विचार केला: परसवाड्याच्या बाजारात बैल बदलतातच, आणि बैल गेला की शेतकरी जेवत नाहीच. चुकायला जागा कुठे होती?

पासष्टच्या भादव्यात ऑफिसच्या कामाने बैहरला गेलो होतो. गावाबाहेर जीप बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बसला आणि मी एका घरी पाणी मागायला गेलो. ओसरीवर, समोरच, माझा फोटो होता. गळ्यात हार, पुढे उदबत्ती. मागे अपुरा हंस.

आतून म्हातारी आली. दुर्गाबाई, तेजरामची बायको. स्टुडिओत तिला मी पाहिलेलं होतं. तिने डोक्यावरून पदर ओढला. आत जाऊन पान वाढून आणलं: भात, कढी, वडे, बाजूला पाण्याचा तांब्या. माझ्याकडे न बघता ओसरीच्या कडेला ठेवलं आणि हात जोडून दाराआड झाली.

पितृपक्ष चालू होता, हे मला दुसरा वडा खाताना आठवलं.

मी उठलो नाही. भूक लागली होती, आणि कढी, काय सांगू, नेहमीसारखी झाली होती. नेहमीसारखी, असंच माझ्या मनात आलं. त्या घरी मी आयुष्यात पहिल्यांदा जेवत होतो.

उमाला यातलं मी काही सांगितलं नाही. तिने मात्र एकदोनदा विचारलं. "अहो, तुम्ही कधीपासून पानावर बसताना मीठ आधी पुसून टाकता?" "अहो, अंगणात उभं राहून आभाळाकडे काय बघता? आपलं शेत आहे का कुठं?" मी म्हणालो, वय झालं. तिने ते लगेच मान्य केलं.

अडुसष्टच्या चैत्रात मीनाक्षीचं लग्न ठरलं. आमची एकुलती. मुलगा अकोल्याचा. मांडव अंगणातच, आंब्याखाली घालायचा, असा तिचा हट्ट. तो आंबा तिनेच लहानपणी लावला होता. दुसरा हट्ट फोटोचा.

"बाबा, मला तुमचा एक फोटो पाहिजे. तिकडं माझ्या खोलीत ठेवायला. अर्ध्या जिल्ह्यात तुमचे फोटो लागले आहेत म्हणे, अन् आपल्याच घरी एक नाही."

"देतो," मी म्हणालो. आयुष्यात मुलीने मागितलेली आणि माझ्या ऐपतीतली ती पहिलीच वस्तू होती.

दुसऱ्या दिवशी दाढी करून, कोट घालून मी त्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच डोक्यावर दुसऱ्याचं काही नव्हतं.

"मधू," त्र्यंबक म्हणाला.

मी हंसाच्या मानेबद्दल विचार करत होतो.

"मधू! अबे, इकडं पाह्य."

त्याने घंटी वाजवली. लाकडी माकड नाचवलं. खुर्ची डावीकडे सरकत नाही म्हणाला. मला सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या घरात चाललेलं ऐकू यावं, तसं. शेवटी वैतागून, गंमत म्हणून तो ओरडला, "पुनाराम!"

"हौ," मी म्हणालो आणि वर पाहिलं.

फुगा दाबल्याचा आवाज आला. त्याने आणखी दोन फोटो काढले. दोन्ही वेळा मधू म्हणूनच हाक मारली.

तीन दिवसांनी त्याने तिन्ही प्रिंट माझ्यापुढे ठेवले. "पेन्सिल लावली नाही," तो म्हणाला. "आईची शपथ."

पहिला पुनाराम होता. दुसरा सुखराम, मिशांसकट. मी कॉलेजपासून मिशी ठेवलेली नाही. तिसरा एक म्हातारा होता, हनुवटीवर जुनी खूण.

"हा कोण बे?" त्र्यंबकने विचारलं. "याले त आपण कधी बसवला नाही."

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्याचं नाव महागू होतं. तो कोणाचा कोण, ते मला माहीत नव्हतं. पण नाव महागू होतं.

लग्नाला आठ दिवस राहिले. मीनाक्षी रोज विचारू लागली. शेवटी ती आणि उमा माझ्यासोबत स्टुडिओत आल्या. त्र्यंबकने ते प्रिंट त्यांना दाखवले नाहीत. फोटो नीट येत नाही आहे, एवढंच म्हणाला. मीनाक्षीचे डोळे भरले.

"रडते काहून, बाई? होऊन जाईल. कोणाले तरी बसवू मधूच्या जागी."

ही सूचना कोणालाच विचित्र वाटली नाही. मलाही नाही. आमच्याकडे कामाची पद्धतच ती होती.

तेवढ्यात माझा दप्तरी टिकाराम एका फाइलवर सही घ्यायला जिना चढून आला. काळा, गोल, माझ्याहून वीतभर बुटका. त्र्यंबकने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला म्हणाला, "कोट काढ."

मी कोट काढून दिला. टिकारामच्या अंगात त्याचं बटन लागेना.

"बाबूजी, मुझसे नहीं होगा," टिकाराम मला म्हणाला.

"बैठ जाओ," मी म्हणालो. "कुछ नहीं जाता."

आम्ही तिघं बाकावर बसलो. मधे मी. त्र्यंबक वही घेऊन समोर आला.

"घरी काय म्हणून हाक मारत होता, वहिनी?"

"अहो," उमा म्हणाली. मीनाक्षी किंचित हसली.

"हसत कशावर होता?"

उमाने बराच विचार केला. "हसत नव्हते. दुसऱ्याला हसवायचे."

"राग?"

"नाही हो. थकायचे फक्त."

त्र्यंबक पडद्याआड गेला. कॅमेऱ्याच्या फडक्याची सळसळ ऐकू आली.

"काय मधू," तो म्हणाला. "पोरगी चालली. आता तूही जा नागपूरले."

टिकारामला मराठी कळायची, पण बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"जायचं तर छप्पनलाच जायचं होतं," पडद्याआडून आवाज आला. थकलेला आवाज. शब्दाच्या शेवटी जरा खाली जाणारा.

"मग? नाव कापलं न तुझं?"

"कापलं नाही. तिकडं जायचा फॉर्म मी टाकलाच नाही. मीनूनं अंगणात आंब्याची कोय लावली होती. तिला दोन पानं फुटली होती. ती म्हणाली, बाबा, आपण गेलो तर याला पाणी कोण घालेल? फॉर्म खिशातच राहिला. उमाला सांगितलं, सरकारनं नाव कापलं."

फुगा दाबला गेला.

बारा वर्षं ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. त्र्यंबकलाही नाही.

उमाने पदर तोंडाला लावला. "हेच," ती म्हणाली. "अगदी हेच."

मीनाक्षी उठून पडद्यापाशी गेली. "बाबा," तिने हाक मारली.

"काय मीनू," मी म्हणालो.

ती पडद्याकडेच बघत होती. पलीकडून उत्तर आलं, "काय मीनू?" आणि ती रडू लागली.

तिसऱ्या दिवशी प्रिंट तयार झाला. तिघं पुन्हा गेलो. फोटो माझा होता, यात शंकाच नाही. कानशिलावरचे पांढरे केस, नाकावर चष्म्याचा वळ. टिकारामला चष्मा नाही. कोट अंगाला नेमका बसला होता. टिकारामने तो अजून परत केलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही.

मीनाक्षीने फोटो छातीशी धरला. मला बरं वाटलं. दिलेला शब्द पुरा झाला होता.

"एक अकोल्याले," त्र्यंबक कागदावर फ्रेमचं माप लिहीत म्हणाला, "अन् एक मोठा करून घरी लावाले." मग मान वर न करता, सवयीने त्याने विचारलं, "वहिनी, हार चंदनाचा पाह्यजे का कागदाचा?"

कोणीतरी हसेल म्हणून मी थांबलो.

उमाने जरा विचार केला.

"चंदनाचाच द्या, भाऊजी," ती म्हणाली. "कागदाचा लवकर मळतो."