सात नंबरचा पलंग

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे ही. रविवारची टळटळीत दुपार होती, त्यामुळे मी झोपेत होते असंही म्हणू नका.

मी हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळते. तळघरात बसते. त्या दिवशी ताई वर वॉर्डात, सात नंबरच्या पलंगावर होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. माझा जीव टांगणीला लागलेला.

त्यात सिस्टरचा फोन.

"अहो, पलंगाचा नंबर टाकला की स्क्रीन नुसती फिरतेय. पेशंट बरा होऊन घरी जाईल, तरी नाव यायचं नाही!"

"बघते. जरा दम धरा," मी खेकसले.

डेटाबेसला विचारता येतं, बाबा रे, तू शोधणार कसा? तो आपला प्लॅन दाखवतो. पाहिला, तर एका पलंगासाठी पठ्ठ्या पेशंटच्या नोंदींचं अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचत होता. पुस्तकाला सूची नसली की पानन् पान चाळावं लागतं, तसं. मी पलंगाच्या नंबरावर इंडेक्स केला. म्हणजे सूचीच. परत प्लॅन पाहिला, आता इंडेक्स वापरत होता. उत्तर चुटकीसरशी आलं.

सात नंबर...

दोन ओळी.

एक ताईची. दुसरीत नावच नव्हतं.

इंडेक्स न वापरता अख्खं टेबल वाचायला लावलं. एकच ओळ. ताईची.

इंडेक्सने शोधलं... पुन्हा दोन.

पुस्तकात नसलेलं पान सूचीत आलं कुठून?

फोन वाजला.

"आता मस्त पळतंय हो! आणि ताईंजवळ त्या कोण आल्यात? भेटायची वेळ संपलीय."

"कोण... कशा दिसतात?"

"तोंड दिसत नाहीये. वाकल्यात ना ताईंवर..."

मी इंडेक्स काढून टाकला. विचार केलाच नाही. दोनाची एक झाली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

"अगंबाई! गेल्या?" सिस्टर म्हणाली. "दारातून तर कोणी गेलं नाही..."

मी धावत जिने चढले. ताई पलंगावर बसली होती. एकटीच. मी तिला मिठी मारून रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

मी जन्मल्यापासून ताई मला 'चिमे' म्हणते.

ऑपरेशन छान झालं. ती घरी आली. हसते, बोलते. सगळे म्हणतात, तू उगाच घाबरतेस. पण 'चिमे' अशी हाक तिने अजून एकदाही मारलेली नाही.

दोघींतली एक गेली, हे खरं.

पण मी काढली ती कुठली?