फाट्यावरची बाटली

आमच्या जावयांना माणसं लागतात ती रस्त्यापुरती. लिफ्ट तपासायचं त्यांचं काम, त्यामुळे दर दोन महिन्यांनी नवं गाव. गावात उतरले की बायको सामान कुठं लावतेय हे बघायच्या आधी स्वारी सायकलच्या दुकानात. टायर टच्च असला तरी वर दोन पंप मारून घेणार आणि गोड आवाजात विचारणार, "इथं सकाळी फिरायला कोण कोण निघतं?" तिसऱ्या दिवशी यांच्याभोवती चार सायकली. लोक बिचारे भोळे. वर्षानुवर्षं जपलेले रस्ते, सावलीची वळणं, पाण्याच्या जागा, सगळं यांच्यापुढं ओततात. गाव सुटलं की त्यातल्या एकाचीही आठवण यांच्या तोंडी नाही. रस्ते मात्र फोनमध्ये नीट जपलेले, किती चढ आणि किती उतार यांच्यासकट.

तीन गावं मी हे पाहिलं आणि लेकीच्या संसारात बोलायचं नाही म्हणून गप्प बसले. चौथ्या गावात जे झालं ते लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण नवऱ्याच्या सायकल दुकानात चाळीस वर्षं मी वाकड्या चाकांची आऊट काढलीय, आणि साठी उलटली तरी चढावर सायकलवरून उतरत नाही.

हे चौथं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. इस्त्रीच्या दुकानाच्या वर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, फरशी सकाळपासून गरम. लेकीला सातवा महिना, पाय सुजलेले. जावयांनी तोवर नवा सोबती गाठलाच होता. निवृत्त टपालवाले. तीस वर्षं या माणसानं सायकलवरून डोंगरापलीकडच्या वस्त्यांना टपाल पोचवलं. पुढं बोगदा झाला आणि जुना रस्ता जंगलानं गिळला. त्या रस्त्याच्या टोकाला दरीवर तारांचा एक झुलता पूल आहे, आणि बाहेरचं कुणी अजून तिथवर सायकलनं गेलेलं नाही, एवढं ऐकलं आणि जावयांची झोप उडाली.

लेक मला म्हणाली, "आई, तू जा यांच्याबरोबर. एकदा रस्ता दिसला की यांना दुसरं काही दिसत नाही."

निघायच्या सकाळी टपालवाल्यांनी माझी सायकल उचलून मागचं चाक फिरवलं. "बाई, ही चेन कुणी बसवली?"

"मी."

"मग चला." एवढं बोलून ते जावयांकडे वळले. "आमच्या टपालाचा एकच नियम. फाटा आला की पुढच्यानं उभं राहायचं. मागचा डोळ्यांनी दिसला, की मगच वळायचं. फाट्यावर कुणी उभं नसेल, तर पुढचा चुकला असं समजायचं आणि त्याला शोधायला जायचं. धुक्यात आम्ही एक माणूस घालवलाय, तेव्हापासून हे चालू आहे."

"काका, नकाशा आहे की फोनमध्ये," जावई हसले.

"फोनला मागं बघता येतं का?"

जावई पुढे, मधे मी, शेवटी टपालवाले. पहिले दोन तास कौतुकाचे होते. उंच झाडं, रस्त्यावर कुजलेल्या पानांची इतकी जाड गादी की चाकांचा आवाजच नाही, मधेच एखादा मैलाचा दगड शेवाळानं हिरवागार. पहिल्या फाट्यावर जावई थांबले. दुसऱ्यावर थांबले, पण एक पाय पेडलवर ठेवून. मग ओढा आडवा आला, गुडघाभर आणि बर्फासारखा. सायकली खांद्यावर घेऊन उतरलो. पलीकडे दरड कोसळलेली, तिच्यावरून एकेक दगड चाचपत गेलो. एकदा माझा पाय सटकला तेव्हा मागून टपालवाल्यांनी माझं कॅरियर धरलं आणि पाय टेकल्यावर सोडलं. वर पोचलो तर धुकं उतरायला लागलेलं.

तिथंच टपालवाल्यांचं मागचं चाक बसलं. मी थांबले, तर म्हणाले, "दुकान काढून बसू नका, बाई. माझं पंक्चर मला काढता येतं. पुढे तिसरा फाटा आहे. वरचा रस्ता पुलाचा. खालचा धरू नका, त्याचा कडा खचलाय. फाट्यावर उभ्या राहा, मी आलोच."

मी फाट्यावर पोचले. जावई नाहीत! दगडावर त्यांची लाल पाण्याची बाटली तेवढी. माझं टाळकं सरकलं. घाईत सामान टाकून पळालेत, पुढे घसा सुकला की हाका मारतील. बाटली उचलून कॅरियरला अडकवली आणि दोन शब्द सुनावायला वरच्या रस्त्यानं जोरात पेडल मारत निघाले.

मी तिथं उभं राहायला हवं होतं. माझ्या मागच्यासाठी थांबायचं काम माझं होतं. रागाच्या भरात ते माझ्या डोक्यातून गेलं. यात जावयांचा वाटा नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

अर्ध्या मैलावर ते दिसले. धुकं फाटलं होतं आणि खाली दरीवर पूल लटकत होता, कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक. जावयांनी माझ्याकडे पाहिलं ते बाटलीसाठी.

"ही कशाला उचललीत? मी खूण म्हणून ठेवली होती."

"तिथं माणसानं उभं राहायचं होतं जावईबापू, बाटलीनं नव्हे. आता तिथं तीही नाही."

"अहो, तीस वर्षं त्यांचा रस्ता आहे. येतील की. पूल हा समोर, पाच मिनिटांत जाऊन येतो."

"पाठ फिरवा आणि चला माझ्याबरोबर."

"तुम्ही व्हा पुढे, मी गाठतोच तुम्हाला." आणि उतारावर त्यांनी ब्रेक सोडले.

मी वळले.

फाट्यावर कुणी नव्हतं. खाली वाकून चिखल पाहिला. टपालवाल्यांच्या मागच्या टायरला आतून तुकडा लावलेला होता, तिथं टायर फुगून वर आला होता. चाकाच्या दर फेऱ्याला त्याचा ठसा उमटत होता आणि तो चालला होता खाली! फाट्यावर कुणी उभं नाही, बाटलीही नाही. म्हणजे हे दोघं परके चुकले, खचलेल्या कड्याकडे गेले, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांच्या नियमानं त्यांनी तेच केलं जे करायला हवं होतं. आम्हाला शोधायला गेले.

हाका मारत उतरले. धुक्यात माझाच आवाज माझ्यापुढं पडत होता. मग घंटा ऐकू आली. सायकलची जुनी घंटा, एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. पुढं रस्ताच नव्हता. पोटावर पडून सरकले आणि खाली पाहिलं. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, मुळांच्या जाळीत टपालवाले अडकलेले. डावा पाय दगडाखाली. हातात हँडलवरून निखळलेली घंटा.

"बाई, तुम्ही वर होतात?"

"होय."

"जावई?"

"तेही वरच."

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं. मला वाटलं, दोघंही खाली गेलात."

त्यानंतर मला बोलायला वेळ नव्हता. मुळं धरली. उतरले. दगड हलेना. त्यांच्या सायकलचं हँडल खाली घालून रेटा दिला. दगड हलला, घरंगळला, आणि खालून त्याचा आवाज कितीतरी वेळानं आला. पायाकडे मी एकदाच पाहिलं. रक्त उसळत होतं. सुटी ट्यूब काढली, गुडघ्याच्या वर ताणून आवळली. पंप नडगीला आधार म्हणून लावून दुसऱ्या ट्यूबनं गुंडाळला. वेळ विचारली आणि लक्षात ठेवली, ती डॉक्टरांना सांगावी लागते. त्यांच्या पिशवीत दोरी होती. मी हाक मारत राहिले, जावईबापू, जावईबापू. वरून उत्तर नाही. थंडीनं टपालवाल्यांचे दात वाजायला लागले. पुढं तेही थांबलं, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. त्यांना बोलतं ठेवायला मी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या फजित्या सांगत होते आणि ते जमेल तेवढं हसत होते.

चाळीस मिनिटांनी जावयांचं डोकं कड्यावर दिसलं. खोटं कशाला बोलू, पुढं त्यांनी अंग चोरलं नाही. दोरी झाडाला बांधून त्यांनी त्या माणसाला पाठीवर वर काढलं, हाताची कातडी सोलून निघाली. आमच्या दोन सायकली शेजारी-शेजारी धरून मी त्यांच्यावर आडव्या फांद्या बांधल्या, वर टपालाची पिशवी फाडून अंथरली आणि टपालवाल्यांना निजवलं. सहा मैल उतार. एकानं पुढून ब्रेक धरायचे, दुसऱ्यानं मागून ओढ सांभाळायची. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून हवा सुटायची, शब्द नाही. दरडीवर त्यांना हातांवर घ्यावं लागलं. फक्त तिथं ते म्हणाले, "जपून. आज टपाल मीच आहे."

ओढा मांडीपर्यंत चढला होता. पाय टाकला. पाणी ओढतंय! फांद्या निसटल्या. माझी सायकल गेली. नवऱ्यानं बांधून दिलेली ती सायकल डोळ्यांसमोर गेली आणि मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण माझ्या दोन्ही हातांत त्यांची काख होती. जावयांनी कंबर धरली. एक पाऊल. दुसरं. काठ.

उजेड असतानाच डांबरी रस्त्याला लागलो. भाजीच्या ट्रकवाल्यानं पेट्या उतरवून जागा केली.

गुडघ्याखाली पाय काढावा लागला. बांधलं ते बरोबर बांधलं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." ते "सांगता येत नाही" आता माझ्या उशाशी बसलंय.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेशी बसून मी बाटलीचं सगळं सांगितलं. त्यांची बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. ते म्हणाले, "नियम तुम्हाला एकदाच सांगितला. दोनदा सांगायला हवा होता." त्यांच्या बायकोनं मात्र मागं वळून पाहिलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

चौथ्या दिवशी जावई दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटले. फोन कानाला. पुढच्या गावातल्या सायकलच्या दुकानाला विचारत होते, सकाळी कोण कोण निघतं. मला पाहून फोन बंद केला. म्हणाले, "काकांना पुढच्या वर्षी गाडीतून पुलावर नेईन म्हणतो. फोटो दाखवू का त्यांना?" मी फोटो पाहिला. त्यात पांढरं धुकं होतं आणि खाली तारेचा एक तुकडा.

मी म्हणाले, "जावईबापू, बाटली मी उचलली, ते त्यांच्या तोंडावर सांगून आले. पुलावर तुम्ही गेलात, ते तुम्ही बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सोबत शोधता येते, सोबत करता येत नाही. फोटो खिशात ठेवा आणि आत जा. चाळीस मिनिटं कुठं होतात, ते त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. मी इथं दारात उभी आहे. तुम्ही बाहेर आलेले दिसल्याशिवाय मी हलायची नाही."