कुर्लीनं कात टाकली

काचेपलीकडचा दगड चालत होता. शाल्मलीनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. शेवाळानं माखलेला तो धोंडा वाळूवरून तिरका तिरका सरकत थेट त्यांच्याकडेच येत होता.

"आत्या, तो बघ," ती कुजबुजली.

प्राजक्ता आत्या समुद्रजीवांची अभ्यासक. तिनं बनवलेली 'कुर्ली', म्हणजे खेकडी, ही पाणगाडी समुद्रतळावर खेकड्यासारखी चालायची. कोकणातल्या निवतीच्या खडकांपलीकडे, खोल काळोख्या पाण्यात, आज त्या दोघीच तिच्यात होत्या.

"दगड नाही गं, खेकडाच आहे तो. पाठीवर स्पंज, शेवाळ, डंख मारणारी समुद्रफुलं. यांना अधिजीवी (दुसऱ्या जिवाच्या अंगावर बिऱ्हाड थाटणारे जीव) म्हणतात."

तेवढ्यात कपारीतून जाडजूड वाम, सापासारखा लांब मासा, सळसळत बाहेर आली. खेकडा जागीच थिजला. वामीनं त्याला हुंगलं, पण समुद्रफुलाचा डंख बसताच ती झटकन मागे फिरली.

"म्हणजे पाहुणे त्याला वाचवतात?"

"लपवतात, वाचवतात. पण त्यांचं ओझंही होतं. त्यातून बार्नेकल (खडकांना, होड्यांना घट्ट चिकटणारे टणक कवचाचे जीव) असले तर..."

आत्याचं वाक्य अर्धवट राहिलं. प्राणवायू कमी झाल्याचा छताचा लाल दिवा लागला होता.

कुर्लीलाही कल्ले होते, म्हणजे पाण्यातला विरघळलेला प्राणवायू आत घेणाऱ्या जाळ्या. आत्यानं कल्ल्यांतला कॅमेरा चालू केला. पडद्यावर बार्नेकलच बार्नेकल दिसले, दाटीवाटीनं बसलेले.

"पावसाळाभर गाडी बंदरात उभी होती. तेव्हा शिरले असणार. बाहेरून दिसलेच नाहीत."

तिनं गाडी वर घ्यायचा प्रयत्न केला. पाय वाळूत खरवडले, पण ओझ्यानं जड झालेली कुर्ली उठेना. आतली हवा कोंदट होत चालली. आत्याचे ओठ नुसतेच हलत होते, आणि त्याचीच शाल्मलीला जास्त भीती वाटली.

"खेकड्याच्या कल्ल्यांत असे शिरले तर?" तिनं विचारलं, आत्याचा आवाज ऐकू यावा म्हणून.

"गुदमरतो, अशक्त होतो. नाहीतर कात टाकतो. जुनं कवच जातं, त्याच्याबरोबर पाहुणेही..." आत्या थांबली. "आपल्या कुर्लीलाही आत दुसरं कवच आहे. नवे कल्लेही आहेत. पण ते कवच पातळ आहे, शाल्मली. इतक्या खोल कधी वापरलेलं नाही."

"आणि नाही वापरलं तर?"

आत्यानं कवच सोडायच्या खटक्यावर हात ठेवला. शाल्मलीनं त्यावर आपला ठेवला.

धाडकन आवाज झाला. जुनं कवच दुभंगून खाली कोसळलं. पातळ भिंती करकरल्या. शाल्मलीनं डोळे गच्च मिटले. मग पायाखालची जमीन हलकेच उचलली गेली, आणि गार हवेचा झोत तिच्या गालाला लागला.

लाल दिवा विझला, तरी भिंती करकरतच होत्या. कुर्ली वर चढत गेली, तसं बाहेरचं काळं पाणी हिरवं होत गेलं.

"कात टाकल्यावर त्या खेकड्याकडे वाम आली तर?"

"तेव्हा तो मऊ असतो, उघडा असतो. कवच टणक होईपर्यंत कपारीत दडून बसतो. मग हळूहळू पाहुणे पुन्हा येतात."

शाल्मली विचारात पडली. "समुद्रफुलांना राहू देईल आणि बार्नेकलना चिकटू देणार नाही, असं कवच कुर्लीसाठी करता येईल?"

"ते अजून मला जमलेलं नाही."

"मग आपण करून बघू," शाल्मली म्हणाली. आत्याचा हात मात्र तिनं अजून सोडला नव्हता.