टर्पिलसशेजारची रिकामी उशी

सम्राटाच्या भोजनगृहात दारावरच्या हर्मेरोसने नाव पुकारल्याशिवाय माशीसुद्धा आत शिरत नसे. उंबऱ्यावर पाऊल पडलं, की म्हाताऱ्याच्या तोंडून नाव निघालंच. बावीस वर्षांत एक चूक नाही. डोळे आताशा दगा देत, पण जिभेवर त्याचा पुरता भरवसा होता.

सम्राटाला एक खोड होती. मासळी वाढून झाली की तो उठायचा, उमरावांच्या बायकांपुढून हिंडायचा आणि एकीची हनुवटी बोटाने वर करायचा, बाजारात माशाचे कल्ले तपासावेत तशी. मग तिला पडद्याआड न्यायचा. नवरा जेवत राहायचा. परत आल्यावर सम्राट तिच्यातली खोट सगळ्यांना ऐकवायचा आणि पंगत हसायची. तीन आठवड्यांपूर्वी ओर्फिता पडद्याआडून परतली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला तो तिचा नवरा टर्पिलस. घरी जाऊन तिने न्हाणीच्या टाक्यात मनगटं कापून घेतली. हर्मेरोस प्रेतयात्रेला गेला होता.

टर्पिलस आजही जेवायला आला होता. त्याच्या शेजारची उशी तेवढी रिकामी होती.

उन्हं कलताना पेटिना नवऱ्याबरोबर दाराशी आली. हर्मेरोस मूळचा तिच्या बापाच्या घरचा गुलाम. लहानपणी ती याच खांद्यावर बसून अंजीर खायची.

"ताप आलाय म्हण, पोरी. परत जा," तो पुटपुटला.

"आणि उद्या बाबांचं डोकं धडावर कोण ठेवणार? तू?"

"चल गं," नवरा म्हणाला. "या थेरड्याच्या तोंडी लागलं की झालंच."

हर्मेरोसने दोघांची नावं पुकारली. तो दार लोटायला वळला, तेवढ्यात आणखी कुणीतरी उंबरा ओलांडला. ओले केस, अनवाणी पाय.

"टर्पिलसची पत्नी, ओर्फिता," जीभ म्हणाली.

पंगतीने दाराकडे माना वळवल्या. दारात कोणीच नव्हतं. सम्राटाला मात्र हसू आलं.

"म्हातारबा, माझं दारूचं पिंप रिकामं केलंस की काय?"

सगळे हसले. टर्पिलसही हसला. फरशीवर ओली पावलं उमटत त्याच्याकडे निघाली होती. ती एकट्या हर्मेरोसने पाहिली.

मासळी आली. सम्राट उठला, पेटिनापाशी थांबला, बोट पुढे केलं.

बोट तिथेच राहिलं. त्याची मान हळूहळू रिकाम्या उशीकडे वळली. उशीला मधोमध खळगा पडला होता.

"ही कोण?" त्याने विचारलं.



त्याने हवेत कुणाचंतरी मनगट धरलं आणि पडद्याआड गेला. मागोमाग ओली पावलं.

पेटिनाने नवऱ्याच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला. ताटांतली मासळी गार झाली. आत पाणी ठिबकत होतं.

मग ते थांबलं.

पडदा हलला. सम्राट एकटाच बाहेर आला. केस ओले होते.

हर्मेरोसने सवयीने तोंड उघडलं. सम्राट आला की काय पुकारायचं, ते त्याला झोपेतही पाठ होतं.

"टर्पिलसची पत्नी, ओर्फिता."

या वेळी कुणी हसलं नाही.

सम्राटाने खांद्यावरचं वस्त्र बायकांसारखं सावरून जराशी मान लववली. मग तो टर्पिलसशेजारच्या उशीवर जाऊन बसला आणि एका बोटाने त्याची हनुवटी वर केली.