गजराबाईची राळ

"ओवाळ ना वं! आशी काय देखी ऱ्हायनी?"

दारात बैलगाडी उभी होती, गाडीतून दोन तरुण उतरले होते आणि गजराबाई निरांजनाचे ताट घेऊन उंबऱ्यातच अडली होती... कारण गुलाल भलत्याच कपाळावर होता! तिच्या पोटचा दोधू कोऱ्या कपाळाने, बैल सोडण्याचे निमित्त करून, तोंड लपवीत मागे उभा होता. आणि पुढे, गुलालाने माखलेला, संकोचाने अर्धा झालेला रेवजी! तिच्या विधवा जावेचा, कौसाबाईचा, एकुलता एक लेक. ओवाळायची घाई करणारा तिचा नवरा सुकलाल, कोरीट गावच्या तालमीचा वस्ताद आणि जिल्ह्याच्या मल्लविद्या मंडळाचा अध्यक्ष, फेटा सावरत सांगत होता, की लाहोरच्या अखिल हिंदुस्थान सामन्यांत पश्चिम खानदेशातर्फे मल्लखांबावर रेवजी उतरणार.

"आनि दोधू?" गजराबाईने विचारले.

"जागा एकच शे."

"ती जागा कोनी आनी व्हती?"

उत्तर अवघ्या गावाला ठाऊक होते. गेल्या साली पुण्याच्या प्रांतिक सामन्यांत दोधूने असा काही फरारा धरला होता, अंग खांबावर झेंड्यासारखे आडवे तोलून, की पंच उभे राहिले होते, आणि त्याच्या त्या पराक्रमामुळेच जिल्ह्याला लाहोरची ही जागा मिळाली होती. पण मंडळाचा नियम मोठा मानभावी! जागा जिल्ह्याची, माणसाची नव्हे. कमावणारा एक आणि जाणारा दुसरा असू शकतो. कोणी जायचे ते चाचणी घेऊन पंचांनी ठरवायचे. चाचणी नंदुरबारला झाली. एका पंचाने दोधूला वर धरले, दुसऱ्याने रेवजीला, आणि निर्णायक मत पडले ते सुकलालचे.

"बापनी पोऱ्याले पाडं!" गजराबाई किंचाळली आणि तिने ओवाळणीचे ताट अंगणात भिरकावून दिले. दोधू धावत आला, त्याने विझलेले निरांजन उचलले आणि तो काही न बोलता गोठ्याकडे निघून गेला.

सुकलाल माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते, त्याच्याशी भांडता तरी आले असते! त्याला एकच दुखणे होते, लोक काय म्हणतील याचे. चाचणीच्या आधीपासून पारावर कुजबुज होती, की वस्ताद पोराला पुढे दामटणार आणि बिनबापाच्या पुतण्याला डावलणार. ती कुजबुज सुकलालच्या मनात घर करून बसली. दोधूचा खेळ सरस झालेला त्याने डोळ्यांनी पाहिला आणि तरी रेवजीला मत दिले; मग लोकांनी "वस्ताद, न्याय करावा तं तुम्हनी!" म्हणत पाठ थोपटली, तेव्हा छाती फुगवून घरी आला. न्यायी म्हणवून घेण्याची हौस असलेल्या माणसाइतका अन्यायी माणूस शोधून सापडायचा नाही.

गजराबाईला मात्र यातले काहीच पटत नव्हते. तिला पक्के वाटत होते, की हे सारे कौसाचे काम! ती मुकी गाय... पांढऱ्या कपाळाने कोपऱ्यात बसायचे, डोळ्यांना पदर लावायचा आणि जेठाच्या मनाला पाझर फोडायचा! ज्या रेवजीला आपण दोधूबरोबर एका ताटात भरवले, त्यानेच आपल्या लेकराच्या तोंडचा घास काढला! तिच्या अंतःकरणात संतापाचा वणवा पेटला. ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली, जावेच्या हातचे पाणी घेईनाशी झाली. रात्रंदिवस तिला एकच ध्यास लागला... सूड! या दोघांची मान चार लोकांत खाली जायला हवी, जशी माझ्या दोधूची गेली!

आणि सुडाचे साधन तिच्याच हातात होते.

मल्लखांबाला एरंडेल चोळतात, आणि गड्याच्या हातापायांची पकड सुटू नये म्हणून त्याने राळेची भुकटी लावायची असते. कोरीटच्या तालमीची राळ वर्षानुवर्षे गजराबाईच्या उखळात कुटली जाई, आणि सामन्याला निघालेल्या गड्याच्या कमरेला राळेची पुरचुंडी घरातल्या थोरल्या बाईने बांधायची, असा तिथला रिवाज होता. ती पुरचुंडी सामन्याआधी उघडायची नाही. उघडली तर यश सांडते, अशी साऱ्यांची श्रद्धा.

तिने बाजारातून शंखजिरे आणले. हाताला लोण्यासारखे गुळगुळीत लागणारे ते पीठ तिने वस्त्रगाळ केले आणि त्यात वरवर नावापुरती राळ मिसळली. तिचे हात कापले नाहीत. "मराव नही तो," ती स्वतःला बजावत होती, "फक्त घसरी. लाहोरना लोकेसम्होर घसरी, मंग कळी यासले!" पण उलटे लटकलेल्या माणसाची पकड सुटली तर तो मानेवर येतो, हे मल्लखांबाच्या घरात जन्म काढलेल्या बाईला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये. ठाऊक होते. तिने त्या विचाराकडे पाठ फिरवली, एवढेच.

निघायच्या दिवशी सकाळी रेवजी तिच्यापुढे वाकला. "मोठी माय, पुडी बांध."

तिने बांधली. घट्ट गाठ मारली आणि वर "यश लई ये" असे म्हणालीसुद्धा! रेवजीचे डोळे भरून आले, कारण इतक्या दिवसांत ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. मग गाडी नंदुरबारच्या वाटेला लागली. सुकलाल गेला, दोधूही भावाला पोचवायला गेला. विधवेने शुभकार्याला निघालेल्यासमोर येऊ नये म्हणून कौसाबाई आतच राहिली होती. गजराबाई डोके दुखण्याचे सोंग घेऊन चुलीपाशी बसली.

थोड्या वेळाने कौसाबाई समोर येऊन उभी राहिली. आज तिच्या डोळ्यांना पदर नव्हता.

"बाई, आते रागे भरू नका. दोधूच जाई ऱ्हायना लाहोरले."

"काय बोली ऱ्हायनी तू?"

"मी त्याच दिनले भाऊजीसना पाय धरात. म्हनं, जागा दोधूनी शे, त्यालेच द्या. त्या मन्हावर खेकसनात. म्हने, लोके म्हनतीन वस्तादनी रांडमुंड बाईले धाक दिधा! मंग रेवजी नि मी ठरायं. तो आते ठेसनवर, बठ्ठा लोकेससम्होर, हार काढीसन दोधूना गळामा टाकी. चार लोकेसमा भाऊजी नही म्हनाऊत नहीत." ती किंचित हसली. "तुम्हले आधी सांगतू, तं तुम्हना तोंडवरनं हासू देखीसन त्यासले कळी जातं."

गजराबाईच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या बाईला तिने मनोमन शिव्याशाप दिले, तिने आपल्या पोटच्या गोळ्याचे भाग्य उचलून दोधूच्या पदरात टाकले होते! हर्षाने तिचा ऊर भरून आला... आणि दुसऱ्याच क्षणी तो हर्ष गोठला. पुरचुंडी! जो जाणार, पुरचुंडी त्याच्या कमरेला जाणार!

"कौसा, छकडा काढ! ठेसनले चाल!"

कौसाबाईला वाटले, बाईला लेकाचे कौतुक पाहायचे आहे. शेजारच्यांचा छकडा तिने स्वतः हाकला, रीतभात गुंडाळून ठेवून, बैलांना आरोळ्या देत. आणि गजराबाई मागे बसून खंडोबापासून कानबाईपर्यंत साऱ्या देवांना एकच मागणे मागत होती, की गाडी अजून सुटलेली नसू दे.

गाडी उभी होती. फलाटावर ताशा वाजत होता. दोधूच्या गळ्यात हार होता, रेवजी हसत होता, आणि सुकलालने चार लोकांत, अवघडून का होईना, "मंडळले मान्य शे" असे म्हणून टाकले होते. गजराबाईला पाहताच रेवजी धावत आला आणि तिच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "मोठी माय, तुन्ही पुडी मी दोधूले बांधी दिधी. तुन्ही राळ बिगर आम्हना दोन्हीसना हात चालस नही ना!"

तिच्या जिभेवर खोटे तयार होते. राळ ओली झाली, दुसरी आणते, एवढे म्हटले की काम भागत होते! लेक लाहोरला जात होता, जावेचे उपकार फिटत होते, आणि कोणाला कधीच काही कळणार नव्हते. तिने दोधूची पुरचुंडी ओढून काढली, मूठ आवळली... आणि पायांशी वाकलेले ते डोके तिला दिसले. लहानपणी याच डोक्याला तिने तेल लावले होते. याच मानेवर...

"ती राळ नही शे!" ती ओरडली. ताशा थांबला. "शंखजिरं शे! मीच भरं! रेवजी पडाले पाहिजे म्हनीसन भरं! माले मारा, मन्हा तोंडवर थुका..." आणि ती फलाटावर कोसळली. कौसाबाईने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा लेकाच्या मानेकडे पाहिले, आणि त्याला दंडाला धरून मागे ओढले.

मग दोधूने गळ्यातला हार काढला.

"भाऊ, तू जाय."

"येडा व्हयना का? जागा तुन्ही शे!"

"व्हती," दोधू म्हणाला. "आते मी गऊ, तं ती माले मन्हा भाऊनी दिधी असं कोन म्हनी? मन्ही मायनी तुले माराले देखं, नि मी तुन्हा जागावर गऊ, असंच व्हई. मन्हाकडथून खांबवर हात ठेवाव नही." त्याने हार रेवजीच्या गळ्यात घातला, आणि स्वतःच्या सरावाची जुनी राळ सदऱ्याच्या खिशातून काढून त्याच्या हातात दिली.

तेव्हा सुकलाल पुढे आला. त्याने छातीवरचा अध्यक्षाचा बिल्ला काढला आणि ज्या चार लोकांना तो जन्मभर भ्याला, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला, "हिले दोस देऊ नका. पहिलं पाप मन्हं शे. दोधूना खेळ सरस व्हता, ते मी देखं. पन मी मत दिधं ते मन्हा नावले. दुसरा पंच देखा तुम्हनी."

गजराबाईला हेच हवे होते! नवऱ्याची मान चार लोकांत खाली जावी म्हणून ती जळत राहिली होती. आता ती गेली, आणि ते पाहताना तिच्या काळजाचे तुकडे तुकडे झाले.

शिट्टी झाली. गाडी हलली. दोधू डब्याबरोबर धावू लागला. "भाऊ, तेढी मारीसन उलटा व्हतांना घाई करू नको! श्वास धर!" फलाट संपेपर्यंत तो ओरडत होता, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ तिथेच उभा होता.

परत आला तेव्हा कौसाबाई जावेला उठवू पाहत होती, आणि जाऊ उठत नव्हती. "कौसा, तू तरी माले हात लावू नको वं..." असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कौसाबाईने हात काढला नाही. दोधूने आईकडे पाहिले नाही. पण खाली वाकून तिचा दुसरा दंड धरला.

"ऊठ माय," तो म्हणाला. "काकी एकलीकडथून उचलाव नही तू."